वयात बसणं

प्रश्न विचारायला उभी राहिलेली बाई योगिनीच्या पुढच्याच रांगेत होती. योगिनीचं लक्ष तेव्हा सभेत नव्हतंच, सभा कधी सुटते याकडे होतं. बारामतीतल्या त्या क्लासच्या वरच्या मजल्यावर पालकांना बोलावलेलं. तिचा भाऊ दादासो गावी, सणसरला, उसाच्या तोडीत अडकला होता, म्हणून त्याच्या लेकीसाठी, छकुलीसाठी, आत्या आली होती. छकुली दोन वर्षं आत्याच्याच घरी राहून नीटची, म्हणजे डॉक्टर होण्यासाठी द्यावी लागते त्या परीक्षेची, तयारी करत होती. "सर, माझी मुलगी जानेवारीतली आहे," पुढची बाई म्हणाली, "शाळेत जरा लवकर घातलेली. यंदा बसता येईल ना तिला?" सरांनी मान हलवली. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण पाहिजेत. एक जानेवारीचा जन्म असला तरी चालत नाही. "पुढच्या वर्षी बसवा, ताई. एका वर्षानं काय होतंय?" बाई हळूच खाली बसली. मागून कुणीतरी पोक्त आवाजात विचारलं, "आन वरची अट किती, सर?" सर हसले. "वरची नाहीच. मधे पंचविसाची घातली होती, ती कोर्टात गेली, पुढं काढून टाकली. तुम्ही बसा की काका, नातवंडांबरोबर!" सगळे हसले. योगिनीही हसली, आणि हसता हसता, अंधारात जिना उतरताना एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं.

स्कूटरवरून कालव्याच्या कडेनं घरी जाताना ती त्या नसलेल्या पायरीकडे जरा कुतूहलानंच बघत होती. ती जानेवारीतली. गेल्याच आठवड्यात त्रेचाळीस पूर्ण झाली होती. सणसरच्या शाळेबाहेर मेंढरांच्या कोकरांशी खेळत बसणारी चार-साडेचार वर्षांची पोरगी खिडकीतून पाढे म्हणते हे बघून गुरुजींनी तिला तशीच पहिलीत ओढून घेतली होती, आणि त्यामुळं बारावी झाली तेव्हा ती मेडिकलसाठी लहान ठरली होती, अगदी थोडक्यासाठी. "मी वयात बसले नाही." हे वाक्य तिनं आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल! सासरी सांगितलं, मुलगा विशाल पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा त्याला सांगितलं, नोकरीच्या डेअरीतल्या लॅबमध्ये काचेच्या नळीत दुधाचं फॅट मोजता मोजता नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगितलं. वाक्य खरं होतं. सांगितल्यावर समोरचा माणूस नेहमी चुकचुकायचा, आणि ती "असतं एकेकाचं" म्हणून नळी झटकायची. पंचविसाची अट आल्याची बातमी तिनं टीव्हीवर पाहिली होती तेही तिला आत्ता आठवलं. तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास होती, तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी बातमी ऐकून तिला कसलं तरी बारीकसं समाधान वाटलं होतं. बाहेरून कडी लागली की आतल्या माणसाला वाटेल तसलं. ती अट उठल्याचं मात्र तिच्या कानावर आलंच नव्हतं. की आलं होतं आणि तिनं ऐकलं नव्हतं? तिनं स्कूटर कडेला घेतली. कालव्याचं पाणी मातकट, संथ चाललेलं होतं. आता खालची अट तिला लागू नव्हती आणि वरची नव्हतीच. त्रेचाळीस पूर्ण झाल्यावर ती वयात बसत होती.

तिला इंदापूर आठवलं. उन्हाळा होता, तात्याबा, तिचा बाप, लाल पागोटं बांधून तिच्यापुढं ताडताड चालला होता. मेंढरं विकून कालव्याच्या पाण्यावरच्या जमिनीत भाजीपाला करायला लागून त्याला चारच वर्षं झाली होती. चाल अजून मेंढरांमागचीच. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसानं तिच्या जन्मतारखेवर बोट ठेवलं. "मुलगी लहान आहे हो, तात्या." तात्याबाला कळेना. "ल्हान म्हंजी? बारावी झाली की तिची. तालुक्यात नंबर हाय." "शिकायला मोठी आहे. डॉक्टर व्हायला लहान आहे. पुढच्या वर्षी या." तिला वाटलं होतं तात्या भांडेल. तो हसला. स्टँडबाहेर त्यानं तिला गरम भजी घेऊन दिली आणि ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "सरकार म्हणतंय, तुमची पोरगी लय लवकर शहाणी झाली, जरा थांबवा तिला." भज्याच्या कागदातून तेल तिच्या तळहाताला लागलं होतं. तो तळहात तिला आठवत होता, भज्यातली मिरची आठवत होती, एसटीच्या खिडकीची सैल काच आठवत होती. पण पुढचं वर्ष आठवत नव्हतं. तिनं प्रयत्न केला. त्या हिवाळ्यात आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, घर तिच्यावर पडलं, हे माहीत होतं. आणखी एक वर्षानं, अठरा भरल्या महिन्यातच, रणजितशी लग्न झालं. लग्नाच्या वयात मात्र ती बरोबर बसली. पण मधला उन्हाळा? त्या उन्हाळ्यात तिला सतरा पूर्ण होती. ती परत इंदापूरला का गेली नाही? इतकी वर्षं एक वाक्य तिनं या प्रश्नावर पाटासारखं ठेवलं होतं आणि वर बसून घेतलं होतं. आता पाट उचलला तर खाली काहीच दिसेना. कुणी नको म्हटल्याचं आठवत नव्हतं. भांडण आठवत नव्हतं, रडणं आठवत नव्हतं. आपल्याच आयुष्यातलं एक वर्ष आपल्याला माहीत नाही याची तिला भीती वाटायला हवी होती. पण दुधाच्या नमुन्याचा आकडा विचित्र आला की तो नमुना पुन्हा लावून बघावासा वाटतो, तसंच तिला वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती सणसरला गेली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक चाललेल्या, हवेत मळीचा वास. आई गोजरबाई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तात्याबाला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याची घोंगडी अजून दोरीवर होती. आईशी बोलताना योगिनीची बारामतीची भाषा आपोआप गळून पडायची. "आये, मला एक सांग. बारावीच्या फुडल्या साली मी परत इंदापूरला का न्हाय गेले?" गोजरबाईनं वर बघितलं नाही. "आता कुठनं आठावलं तुला ते?" "सांग की. तुझं आपरेशन झालं म्हणून?" "माझं आपरेशन थंडीत झालं. उनाळ्यात मी भाकरी थापत व्हते." "मग तात्यांनी नगं म्हणलं?" आता मात्र गोजरबाईचा हात थांबला. "त्येला बोल लावू नगंस. त्येनी इचारलं व्हतं तुला. हितंच, ह्याच वसरीवर. पागोटं बांधून तयार व्हता. म्हणला, चल गं, इंदापूरला जाऊन येऊ, आता सरकार न्हाय म्हणायचं न्हाय. तू म्हणलीस, मला न्हाय जायचं." "मी म्हणलं?" "तूच." "का?" "ते तुलाच ठावं. आत गेलीस आन पीठ चाळाय बसलीस. त्येनी पागोटं सोडलं. परत कुणी इषय काढला न्हाय." शेंगा पुन्हा फुटायला लागल्या. योगिनीनं ओसरीवरून घरात बघितलं. तिथं आता फरशी होती, मिक्सर होता. पीठ चाळत बसलेली ती सतरा वर्षांची पोरगी तिला पाठमोरी दिसत होती. दोन वेण्या, वेण्यांना पिठाची धूळ. तिनं तोंड वळवावं म्हणून योगिनी थांबली. ती वळली नाही.

परीक्षेला बसायचं तिनं नेमकं कधी ठरवलं, हे तिला सांगता आलं नसतं. डॉक्टर व्हायचंय म्हणून नव्हे. पुढच्या साडेपाच वर्षांचा, पन्नाशीत गळ्यात नळी अडकवून फिरण्याचा विचार केला की तिला आपलंच हसू यायचं. पण ती पाठमोरी पोरगी कुठल्या दारापाशी थांबली होती, ते दार तरी जवळ जाऊन बघावं, असं तिच्या मनानं घेतलं. रणजितला तिनं जेवताना सांगितलं. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर. कुठल्याही बातमीवर आधी घास संपवायची त्याची सवय. "बस की," तो म्हणाला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "आणि नंबर लागला तर?" "नाही लागत." "लागला तर, म्हणतो मी. जाशील?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तो खरोखरच जागा मोजत होता, ती नसलेल्या घरातली. तिला अचानक त्याची माया आली. "तेव्हाचं तेव्हा," ती म्हणाली. तो मान डोलावून ताक ओतून घ्यायला लागला. पण ताक वाटीबाहेर सांडलं.

छकुलीला मात्र लागलं. ती दोन दिवस आत्याशी नीट बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, नखं खात, एकदम म्हणाली, "आत्या, तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले तर?" "वेडी का तू? मला फिजिक्समधलं ओ की ठो कळत नाही." "बायो कळतं. केमिस्ट्री तर तुझं रोजचंच आहे. पडले तर? पप्पा काय म्हणतील? सगळ्या सणसरमधे काय म्हणतील?" योगिनीनं गॅस बारीक केला. पोरगी अंगानं वाळलेली, डोळ्यांखाली काळं, कपाळावर फोड. दोन वर्षं आपण हिला डबा दिला, दूध दिलं, पण ही कशाला भिते हे कधी विचारलं नाही, असं योगिनीच्या मनात आलं. "तू नको म्हणालीस तर मी नाही बसत," ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की हे ती मनापासून म्हणतेय, आणि नाही बसलो तर तो पाट पुन्हा जागेवर जाईल. छकुलीनं नख तोंडातून काढलं. "बस," ती शेवटी म्हणाली. "पण फिजिक्स माझ्याकडनं शिकायचं. आणि मी ओरडले तर रडायचं नाही." त्यानंतर पहाटे दोघी ओट्याजवळच्या टेबलावर बसायच्या. छकुली खरोखरच ओरडायची. चेंडू वर फेकला तर सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचा वेग शून्य असतो हे योगिनीला पटायचं, पण त्वरण शून्य नसतं हे पटायचं नाही. "थांबलेलं दिसतं, पण खाली खेचणं चालूच असतं, आत्या! थांबलंय म्हणून ते सुटलेलं नसतं!" आत्या पेन्सिल तोंडात धरून त्या चेंडूचा विचार करत राहायची, डेअरीत जाईपर्यंत.

परीक्षेच्या रविवारी मे महिन्याचं ऊन शाळेच्या पत्र्यावर नुसतं ठणकत होतं. छकुलीचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिला दादासो घेऊन गेला. योगिनी एकटी आली. बांगड्या, नाकातली चमकी, सगळं परीक्षेच्या नियमाप्रमाणं घरी उतरवून आणि पायात साधी उघडी चप्पल घालून आल्यावर हात हलके आणि परके वाटत होते. फाटकावरच्या महिला पोलिसानं न बघताच सांगितलं, "पालकांनी झाडाखाली थांबा." योगिनीनं प्रवेशपत्र पुढं केलं. पोलिसानं फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. हसेल असं वाटलं होतं, पण तिनं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, खरंच चालतं का हो? म्हणजे कितीही वयाला?" "चालतं." "मला अडतीसावं चालूय," पोलीस म्हणाली आणि लगेच मागच्या मुलीचे खिसे तपासायला वळली.

वर्गात पंखा होता, वारा नव्हता. पेपर हातात आला. पहिली पानं भौतिकशास्त्राची. तिनं ती मागं टाकून जीवशास्त्र उघडलं. आणि पहिला प्रश्न वाचतानाच तिला काही उमजेना. अक्षरं येत होती, शब्द येत होते, अर्थ कागदावरच राहत होता. तळहात ओले झाले. ही भीती आहे, हे तिला कळलं. पण नापास होण्याची नव्हती, कारण तिच्या पास-नापासावर कुणाचंच काही अडलं नव्हतं. मग कशाची? ती स्वतःला असं विचारत असतानाच पुढच्या बाकावरच्या मुलीनं डोकं खाली टेकलं. उन्हानं, उपाशी पोटानं, काय असेल ते. मानेवर घामाचे थेंब, एका रबरबँडमध्ये कसेबसे कोंबलेले केस. देखरेखीवरच्या बाई आल्या, पाण्याची बाटली ठेवली आणि त्यांनी त्या मुलीच्या कपाळावर तळहात ठेवला. बस, एवढंच. आणि योगिनीच्या स्वतःच्या तळहाताला एक कपाळ लागलं, चटका बसावा इतकं तापलेलं, लहानसं.

बारावीचा निकाल लागल्यापासून सणसरमध्ये तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. आधी चेष्टेत, मग सवयीनं. त्या मधल्या उन्हाळ्यात भर दुपारी शेजारची द्वारकाबाई नातवाला घेऊन ओसरीवर आली होती. पोर तापानं फणफणलेलं, डोळे वर गेलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. "बघ की गं, डॉक्टरीणबाई, बघ की!" द्वारकाबाईनं पोर तिच्या मांडीवर दिलं. दिलं म्हणजे टाकलंच. योगिनीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. बेडकाच्या हृदयाची आकृती तिला न बघता काढता येत होती. त्या हाताखाली काय चाललंय हे तिला काहीसुद्धा कळत नव्हतं, आणि द्वारकाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती, देवाकडे बघावं तशी. पोराला झटका आला. तिच्या मांडीवर ते ताठ झालं. मग कुणीतरी जीप आणली, इंदापूरच्या दवाखान्यात नेलं, पोर बरं झालं. चार दिवसांनी रस्त्यात टायर पळवत होतं. कुणीच काही बोललं नाही, बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं. पण तो ताठ झालेला देह तिच्या मांडीवर राहिला. पुढच्याच आठवड्यात तात्यानं पागोटं बांधलं असणार. चल गं इंदापूरला. आणि तिनं आत जाऊन पिठाची चाळण हातात घेतली असणार, कारण हातांना काहीतरी द्यायलाच हवं होतं.

पोरगी वळली होती. तिचा चेहरा अगदी साधा होता, छकुलीसारखा, कपाळावर फोड असलेला. ती हट्टी नव्हती, भाबडी नव्हती, तिच्यावर कुणी अन्याय केला नव्हता. ती भ्याली होती. आणि तिला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं की जे येत नाही त्याची भीती वाटतेच, म्हणून तर सहा-सहा वर्षं शिकवतात. योगिनीला रडू येईल असं वाटलं, पण तिला चक्क हलकं वाटलं, जरा हसूही आलं. पुढच्या बाकावरची मुलगी पाणी पिऊन पुन्हा लिहायला लागली होती. योगिनीनं तळहात साडीला पुसले आणि प्रश्न वाचला. या वेळी तो तिच्यापर्यंत पोचला. मग ती थांबली नाही. वनस्पती, पेशी, रक्त, हाडं, आम्लं, क्षार. माहीत असलेलं झरझर आणि नसलेलं कुतूहलानं वाचत गेली, हे असंही असतं होय, असं म्हणत. भौतिकशास्त्रात तिला तो चेंडू भेटला, वर जाऊन थांबलेला. तो तिनं बरोबर सोडवला. बाकी बरंचसं कोरं सोडलं.

निकाल जूनमध्ये लागला. छकुलीला चांगले मार्क पडले. नंबर लांब कुठंतरी, मराठवाड्यात नाहीतर खानदेशात, पण लागेल असं सर म्हणाले. दादासोनं फोनवरच रडून घेतलं. योगिनीला जीवशास्त्रात छकुलीएवढेच मार्क होते, रसायनात चार जास्त, आणि भौतिकशास्त्रामुळं एकूण आकडा असा की कुठलंही मेडिकल कॉलेज त्याच्याकडे बघणार नव्हतं. छकुलीनं दोन्ही निकाल शेजारी धरून पाहिले आणि आत्याच्या गळ्यात पडली. त्यात आनंद किती आणि सुटका किती हे दोघींनीही तपासलं नाही. डेअरीत नवी आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हाच का नाही हो झालात डॉक्टर?" योगिनीच्या तोंडात ते जुनं वाक्य आपसूक आलं होतं. ते तिनं गिळलं. "भ्याले होते," ती म्हणाली. मुलीला यावर चुकचुकता येईना. योगिनीनं पुढचा नमुना लावला.

त्या आठवड्यात ती सणसरला गेली. गोजरबाईला तिनं सगळं सांगितलं, द्वारकाबाईचं पोर, मांडी, चाळण. म्हातारी ऐकत होती. "मग बोलायचं व्हतं की," ती शेवटी म्हणाली. "मला तरी कुठं कळलं व्हतं!" गोजरबाईनं पदर सारखा केला. "आमीबी भ्यालो व्हतो. तू न्हाय म्हणलीस तवा त्यो पागोटं सोडताना मला म्हणला, बरं झालं, पोरगी हितंच ऱ्हाईल. पुण्या-मुंबईला गेली आसती तर आपल्याला वळखली आसती का? मीबी म्हणलं, व्हय, बरं झालं." तिनं ओसरीवरचा कचरा हातानं गोळा केला. "आन मग दोगंबी जेवलो न्हाय त्या दिशी." बाहेर ट्रॅक्टर रस्त्यानं गेला, त्याचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. तीन माणसं एकाच घरात तीन कोपऱ्यांत भिऊन बसली होती आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या नकाराला धरून ठेवलं होतं, असं योगिनीला दिसलं. राग येईना. तात्या असता तर त्याला भजी खायला घातली असती, एवढंच तिला वाटलं.

"परत बसनार का?" गोजरबाईनं विचारलं. "ठावं न्हाय. आता वयाचं कुणी इचारत न्हाय, त्यामुळं कायबी सांगता येत न्हाय." "काय इचारत्यात तरी त्यात?" असं आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं. मार्क सगळ्यांनी विचारले होते. योगिनी सरसावून बसली. "काळजाचं इचारलं व्हतं. काळजाला चार खोल्या आसत्यात, आये." "चार?" "चार. आन मधी दारं. रगत फुडं गेलं की दार लागतं, मागं फिरू नये म्हणून. डॉक्टर नळी लावून ऐकत्यात न्हवं, धडधड, त्यो दारं लागल्याचा आवाज." गोजरबाईनं आपल्या छातीवर हात ठेवला. जरा वेळ ती तशीच बसली, कपाळाला आठी. "आन उघाडताना?" "उघडताना येत न्हाय आवाज." "कसा न्हाय येणार? दार हाय म्हणतीस नव्हं?" "पुस्तकात तसंच हाय." "हिकडं सरक." गोजरबाईनं तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि आपला कान लेकीच्या छातीला लावला. पांढरे केस योगिनीच्या हनुवटीला टोचत होते, खोबरेल तेलाचा वास येत होता. आपण नेमक्या किती वर्षांनी इतक्या जवळ आलो असं तिच्या मनात यायला लागलं, तेवढ्यात ती श्वास रोखून बसल्याचं तिच्याच लक्षात आलं आणि तिनं तो सोडला. "येतंय का ऐकाय?" तिनं हळूच विचारलं.

"गप," गोजरबाई म्हणाली. "लागल्यालं येतंय. उघाडल्यालं येतंय का, ते बघती."